गुणाजीला लागलेले धक्के

शर्यतीत वेळ लिहायचं काम माझं. पण चाकाच्या खुर्च्यांच्या शर्यतीसाठी मी वहीत एक जादा रकाना आखला होता: धक्के. ठाण्यातला बाळकुम ते नौपाडा हा रस्ता. बाळकुमलाच एक चढ, आणि गुणाजी मोकळ तिथलाच. खुर्चीला दुसऱ्याचा हात लागला की स्पर्धक बाद, हा शर्यतीचा नियम. चढावर कुणी दमलेला दिसला की हात लावायचा, हा बाळकुमचा. १९९०: आत्या शेवंती, एक धक्का, गुणाजी बाद. १९९१: दोन चुलते, बाद. १९९२: खुद्द आई आवडाबाई, तीही पदर खोचून.

त्र्याण्णव साली प्रकरण गुणाजीच्या नोकरीपर्यंत आलं. नौपाड्यातला केबलवाला चंदू संध्याकाळच्या पिक्चरआधी खेळाच्या बातम्या सुरू करणार होता. गुणाजीला त्या वाचायच्या होत्या. आवाज खणखणीत, पण चंदू पक्का.

"अरे, आधी जिंकून ये. तीन वर्षं बाद झालेल्याच्या तोंडून बातम्या कोण ऐकणार?"

"मग निदान माझ्या गावाला दोन शब्द सांगू दे."

आठवडाभर पिक्चरआधी गुणाजी टीव्हीवर दिसत राहिला. "मी गुणाजी मोकळ. रविवारी मला कुणीही हात लावायचा नाही. आई, तुलाच सांगतोय."

रविवारी अख्खं बाळकुम चढावर हात मागे बांधून उभं, जसं शाळेच्या फोटोला. गुणाजी घामाघूम होऊन चढत होता. आवडाबाई जागची हलली नाही. त्याच्या दोन हात पुढे डोंबिवलीचा आनंदा होता. आनंदाचे तळवे घसरले, खुर्ची मागे यायला लागली. आवडाबाई धावली आणि त्याला थेट माथ्यापर्यंत ढकलत नेलं.

नौपाड्यात आनंदा पहिला, गुणाजी दुसरा. मी जाहीर केलं, आनंदा बाद. तेवढ्यात रिक्षातून आवडाबाई उतरली.

"जल्ला मेला तुमचा नियम! टीव्हीवर गुण्याचा नाव घेतला. या पोऱ्याचा कुठं घेतला?"

"आयला, जिंकलास लेका!" चंदूनं गुणाजीच्या पाठीत थाप मारली.

गुणाजी आनंदाकडे बघत होता. आनंदा मान खाली घालून तळव्यांवरच्या चिंध्या सोडत होता. तीन वर्षं शर्यतीनंतर गुणाजीनं हेच केलेलं.

"काका, वहीत काही लिहू नका," गुणाजी मला म्हणाला. "चढापासून परत."

"येडा झालास काय रे?" चंदू ओरडला.

तासाभरानं दोघं पुन्हा चढाखाली. या खेपेला आवडाबाईच्या दोन्ही कडेवर एकेक नातवंड दिलं होतं. आनंदा दीड सेकंदानं जिंकला. मी तसं लिहिलं.

चंदू तीन दिवस फुगून बसला. पण केबलच्या वर्गणीला जाईल तिथं दारातच विचारणा: "त्या शर्यतीचं काय झालं हो? आईनं ढकललंच का?" चौथ्या दिवशी त्यानं गुणाजीला निरोप धाडला. "हरलेला तर हरलेला. ये, तूच सांग त्यांना."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम आवडाबाईकडे बसलो होतो. गुणाजीनं स्वतःची हार सेकंदासकट वाचली, आईचं नावही गाळलं नाही. मग कुणा परदेशी टेनिसवाल्याचं नाव आलं आणि तो अडला. परत वाचायला गेला, परत अडला.

आवडाबाई उठली. टीव्हीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी ढकलला. टीव्ही वीतभर पुढे सरकला. नाव अख्खं बाहेर पडलं.

"बगलाव?" ती मला म्हणाली.

मी वही उघडली. धक्का एक, असं लिहिलं. बाद कोण, तो रकाना मोकळा सोडला.