मुकादमाचा हातोडा

गोदामातल्या आठ हमालांना दोन चाकांचं भारवाहू यंत्र शिकवायला मास्तरीणबाई आल्या, त्याच दिवशी मुकादमाने त्यांच्यादेखत एकाच्या कानाखाली जाळ काढला. मार खाणारा त्याचा मेहुणाच होता, बायकोचा पाठचा भाऊ. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने विचारलं होतं, "बाई, दोनच चाकं, मग हे पडत कसं नाही?"

बाईंनी त्याच्या तळहातावर लोखंडी गज उभा केला. हात पुढे-मागे करत तो गज सावरू लागला.

"आता डोळे मिट."

गज खणकन फरशीवर आपटला.

"तिवई आपोआप उभी राहते, तिचा भार तीन पायांच्या आत असतो," बाई म्हणाल्या. "हे यंत्र मात्र सारखं पडतच असतं. जिकडे कलेल तिकडे चाकं धावतात आणि त्याला सावरतात. किती कललं, ते हा सेन्सर सांगतो." त्यांनी खांबावरची काळी डबी दाखवली. "तो नसेल तर चाकांना काय कळणार?"

"शाळा पुरे झाली," मुकादम खेकसला. "पिंपं उचला."

पाचव्या दिवशी उतारावर यंत्र वारंवार थांबू लागलं. जास्त कललं की सेन्सर यंत्राचे टेकू खाली सोडायचा. मुकादमाचं टाळकं सटकलं. त्याने हातोडा घेऊन डबीवर दोन घाव घातले. डबी शाबूत राहिली, पण तिला खांबावर धरणारी पट्टी वाकली.

"दाजी, बाईंना विचारू या ना."

"बाई तुला खायला घालते का रे?" मुकादमाने त्याच्या कमरेत लाथ घातली. "चालू कर!"

मेहुण्याने समोर उभं राहून बटण दाबलं. तिरक्या झालेल्या सेन्सरने यंत्र पुढे पडतंय असं सांगितलं, पण टेकू सुटतील इतकं नाही. सावरायला चाकं पुढे धावली. सेन्सर तेच सांगत राहिला, चाकं आणखी जोरात धावली. चार भरलेल्या पिंपांसकट यंत्राने त्याला लोखंडी मांडणीवर चिरडलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. चाकं तरीही रेटतच होती.

बाई धावत आल्या आणि त्यांनी मागचं लाल बटण दाबलं.

"गाढवा, बाजूला व्हायला काय झालं होतं?" मुकादम ओरडला.

बाईंनी खाली पडलेला हातोडा उचलला आणि त्याच्या जबड्यावर हाणला. तो कोसळताच बाकीचे सातही जण त्याच्यावर तुटून पडले. लाथा, पट्टे, गज, हाताला येईल ते. "बाई, आवरा यांना!" तो रक्त थुंकत म्हणाला. बाईंनी तोंड फिरवलं.

"सोडा त्यांना!" फरशीवरून मेहुणा किंचाळला. "माझ्या ताईचं कुंकू पुसाल!"

तेव्हा कुठे बाई भानावर आल्या. त्या मध्ये घुसल्या, खांद्यावर गजाचा फटका खाल्ला, पण सगळ्यांना मागे लोटलं.

मेहुण्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मुकादमाचा जबडा तारांनी बांधला. जबाब घ्यायला आलेला हवालदार म्हणाला, "झटापटीत लागलं, असं लिहू का?"

"पहिला फटका मी मारला. तसंच लिहा."

इस्पितळात मुकादमाची बायको आली आणि तिने बाईंच्या मुस्काटात सणसणीत दिली. मग तिथेच बाकावर त्यांच्या शेजारी बसली.

"माझ्या भावाला शुद्ध आली का?"

"अजून नाही."

दोघी त्याच्या खोलीच्या दाराकडे बघत बसून राहिल्या.