गॅरंटी नको, वॉरंटी द्या

मी एक जुना भोंगा आहे. वय म्हणाल तर दोन वर्षंही नाही, पण कळंबच्या आठवडी बाजारातलं ऊन आणि धूळ खाऊन माझा रंग पार उडाला. मित्रांनो, माझ्या पोटात एक माणूस राहतो.

त्याचं नाव सिद्धाराम. तो चार्जिंगच्या बॅटऱ्या विकायचा. मला आणलं त्याच दिवशी त्यानं लाल बटण दाबून माझ्यात आवाज भरला, 'या, गॅरंटीचा माल हाय. बिघडला तर बदलून नवा देतो.' कुणी गॅरंटी-वॉरंटीत घोळ घातला की तो समजावायचा, "वॉरंटी म्हंजी दुरुस्त करून देणार. गॅरंटी म्हंजी तिथल्या तिथं नवा." बोलायची त्याला भारी हौस. मला फडक्यानं पुसायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सिद्धाराम वारला. दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको तुळजाबाई बॅटऱ्या मांडून बसली आणि सवयीनं तिनं माझं बटण दाबलं. सिद्धाराम बाजारभर बोलायला लागला. ईट गावचे जुने गिऱ्हाईक गुंडप्पा लांबूनच "आलो रं सिद्धाराम" म्हणाले आणि जवळ येऊन तुळजाबाईला पाहताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला माझीच भीती वाटली. तुळजाबाई मात्र त्या आवाजाच्या आधारानं दर बाजारी बसू लागली. बाजार उठला की मला पदरानं पुसायची.

एके दिवशी मी अचानक मुका झालो. आवाज मोबाइलमध्ये घेऊन ठेवायचं तिच्या लेकीच्या, अक्षदाच्या मनात होतं. ते राहूनच गेलं होतं.

दोघी मला घेऊन दुकानदार कल्याणप्पांकडे गेल्या. त्यांनी पावती पाहिली. "वैनी, गॅरंटीत हाय. ह्यो ठिवा, नवा न्या."

"नवा नगं. ह्योच नीट करून द्या," तुळजाबाई म्हणाली.

"गॅरंटी सोडून वॉरंटी कोण मागतं व्हय?"

"म्या मागते. ह्याच्यात आमचे मालक हायेत."

कल्याणप्पांचा हात थांबला. "खोलल्यावर आवाज ऱ्हाईलच असं न्हाय," ते हळू म्हणाले.

"तरीबी खोला."

त्यांनी मला खोललं, तुटलेली तार जोडली. तुळजाबाईनं बटण दाबलं. 'या, गॅरंटीचा माल हाय. बिघडला तर...' पुढं नुसती खरखर. तिनं पुन्हा दाबलं. सिद्धाराम पुन्हा तिथंच थांबला.

आता दर बाजारी तो 'बिघडला तर' म्हणून थांबतो आणि तुळजाबाई तिच्या आवाजात पुढचं सांगते, "बदलून नवा देते."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातली जुनी वस्तू देऊन नवी आणण्याआधी तिला एकदा कान लावून बघा. आत कुणी असेल, तर दुरुस्तीच मागा.