शेवटचा पंजा

"मादाम, आज विंच तुम्ही चालवा. मी चाळणीवर उभा राहतो," एक्सपेदी म्हणाला.

दक्षिणेच्या गार समुद्रातल्या केर्गेलेन बेटांजवळचा आमचा तो शेवटचा दिवस, आणि एक्सपेदीच्या नोकरीचाही. रेयुनियन बेटावरच्या या माणसाने एकतीस वर्षं समुद्राच्या तळाशी लोखंडी पंजा सोडून चिखल वर आणला. पण विंच, म्हणजे पंजाची तार सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, वरच्या डेकवर. तो तार आवरून खाली येईपर्यंत शास्त्रज्ञ चिखल चाळून त्यातले जीव स्पिरिटात बुडवून मोकळे झालेले असत. त्याने पाहिले ते सगळे बरणीतले, मेलेले, पांढरेफटक.

"बायको म्हणते, चिखल काय अंगणात मिळत नाही? तिला सांगायला एक तरी जिवंत बघू दे."

मादाम लगॉफ मोहिमेच्या प्रमुख. तळाच्या गाळावर त्यांची दोन जाडजूड पुस्तकं आहेत. त्या विंचवर गेल्या. पंजा वर आला तेव्हा जबड्यात दगड अडकलेला, आणि चिखल समुद्राला साभार परत.

"पुस्तकात दगड नव्हता वाटतं," मी म्हणालो. मी जहाजाचा स्वयंपाकी. मला कोणी दुखवत नाही.

वरून कप्तान ओरडला, "वारा चढतोय. आता एकदाच. मग निघायचं."

मादाम विंच सोडून खाली आल्या. एक्सपेदीने चाळणी खाली ठेवली आणि तो जिना चढला.

तारेवर तळहात टेकवून तो उभा राहिला. तीनशे मीटर खाली पंजा टेकला, की ते त्याला यंत्राच्या आधी कळायचं. पंजा आला तो तुडुंब भरून.

मादामची शिकाऊ पोरं पाण्याच्या नळ्या घेऊन धावली.

"कोणी हात लावायचा नाही," मादाम म्हणाल्या.

मग आम्ही अकरा जण त्या वाऱ्यात नाकं पुसत चिखलाभोवती उभे राहिलो, मंत्री यायचे असल्यासारखे. एक्सपेदीने तार आवरली, ब्रेक लावला, तपासला, पुन्हा तपासला.

"काका, निवृत्ती आजच आहे," बरणीवाली पोरगी म्हणाली.

तो आला. पाणी सोडलं. राखाडी गाळ वाहून गेला आणि जाळीवर पाच बारीक हातांचा शेंदरी तारामासा वळवळला. हातमोजा काढून त्याने तो उजव्या तळहातावर घेतला. तारा अंगठ्याकडे चालू लागला.

"यांना रंग असतो होय," एक्सपेदी म्हणाला आणि हसतच सुटला.

पोरीने बरणी पुढे केली. मादाम आभाळाकडे बघत होत्या.

"या वाऱ्यात काय काय उडून जातं," त्या म्हणाल्या.

एक्सपेदी हळूच कठड्यापाशी गेला आणि रिकाम्या हाताने परतला.

जेवायला बसला तेव्हा त्याच्या उजव्या हातावर गाळ वाळला होता.

"हात धू," मी म्हणालो.

"नंतर," तो म्हणाला, आणि मसूर-भात डाव्या हाताने खाऊ लागला.