मधल्या कडव्यात सत्कार

रिटायर झालेले मास्तर शेळ्या पाळतात, नाहीतर राजकारणात पडतात. आमच्या ह्यांनी माळ्यावरून बेस गिटार काढली. चौऱ्याऐंशी साली मच्छिंद्रदादांच्या भीमगीतांच्या पार्टीत हे ती वाजवायचे. मग घनसावंगीला बदली झाली, लेकरं झाली, आणि गिटार गोधडीत गेली ती वीस वर्षं.

आता दिवसभर घरात धुम्म-धुम्म. फळीवरचे डबे थरथरायचे. बोटांना फोड आले तरी ऐकत नव्हते. शेवटी मी म्हणाले, "लोक गाणाऱ्याला ऐकत्यात, ढोलकीला ऐकत्यात. तुमचं हे कुणाला कळतं?"

"एकाला जरी कळलं तरी मला पुष्कळ हाय," ते म्हणाले. मी उठून फळीवरचे डबे खाली काढून ठेवले. पण गावात हसं होईल, ही धास्ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

दादांनी त्यांना वाटूरच्या जयंतीला बोलावलं. संध्याकाळी मंडप भरला. मी बायकांत पुढेच बसले. दोन गाणी झाली. ह्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. खरं सांगते, त्यांचं वाजवणं मलाही वेगळं ओळखू येईना.

तिसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्यात संयोजक पुंजाराम माइककडे धावले. सरपंचांना लग्नाला जायचं होतं, आणि निवृत्त गुरुजींचा सत्कार त्यांच्याच हस्ते व्हायचा होता. आपल्याकडे एक वेळ जेवण थांबेल, सत्कार थांबत नाही. त्यात हे कोपऱ्यात गप उभे, म्हणजे रिकामेच!

"दादा, तुमचं गाणं चालू द्या. तातेराव गुरुजी, तुम्ही या. तुमच्यावाचून काय अडून राह्यलंय?"

सरपंचांपुढे मास्तरांना नाही म्हणता येईना. त्यांनी गिटार खाली ठेवली.

आणि गाणं लंगडायला लागलं. आवाज तोच, ढोलकी तीच, पण खालचा आधारच गेला. ढोलकी पुढे पळाली, दादा मागे राहिले. लोक ओरडले, "आवाज गेला!" मंडपवाला वायरी हलवत बसला. काय गेलं ते त्या सगळ्या मंडपात मला एकटीला कळलं. अभिमानाने ऊर भरून आला आणि स्वतःचा रागही आला.

तोवर एप्रिलच्या उकाड्यात ह्यांच्या अंगावर लोकरी शाल पडली होती. मी सरळ स्टेजवर चढले.

"वहिनी, फोटो राह्यलाय," पुंजाराम म्हणाले.

"फोटो मंग काढा."

मी ह्यांच्या गळ्यातला हार काढला, शाल काखेत मारली आणि गिटार उचलून हातात दिली. पट्टा खांद्यावर चढवत त्यांनी विचारलं,

"तुला ऐकू आल्तं?"

"वाजत व्हतं तवा न्हाई कळलं, थांबल्यावर कळलं," मी म्हणाले. "आता जल्दी वाजवा. दादा एकटे पडून राह्यले."