एकाहत्तर कप

डाव्या चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात होता, उजव्या चपलेचा तिसऱ्या.

दारापाशी आपल्या चपला काढता काढता स्मिता थांबली. तपकिरी, बकलाची जोडी. डाव्या पट्ट्यावर तिसऱ्या भोकाशी बकलाने पाडलेली जुनी रेघ अजून दिसत होती. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत दोन्ही पट्टे सारखेच लागत होते. पाय सुजला होता, आणि एकच पाय.

चपला विमलबाईंच्या होत्या.

"आई, चल ना. साडेनऊ झाले," मागून उत्कर्षा म्हणाली.

प्रार्थनेचा हॉल म्हणजे उलव्यातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे. मधली भिंत पाडून केलेली एक लांब खोली, खाली टाइल्सचं दुकान. मागच्या बाजूला बेसिन आणि एक ओटा असलेली चिंचोळी जागा होती, तिला सगळे पॅन्ट्री म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असे आणि त्याचा रस अकरा वर्षं स्मिता करत आली होती. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या, उकळायच्या, दोनदा फडक्यातून गाळायच्या. मग खोकल्याच्या औषधावर येतात तेवढाल्या कपांत, सुई न लावलेल्या नव्या सिरिंजने, प्रत्येकी आठ मिली. तिचा नवरा शांतवन हसायचा. "प्रभूच्या मेजावरही तुझी लॅब आणलीस," म्हणायचा.

सात महिन्यांपूर्वीपर्यंत ती बहात्तर कप भरत असे. आता एकाहत्तर. वगळलेला कप तिचा होता. मंडळीने, म्हणजे चर्चने, शिस्त लावलेल्या माणसाला प्रभुभोजन मिळत नाही. रस करायला मात्र तिला कुणी मनाई केली नव्हती. ते काम दुसऱ्या कुणी मागितलंही नव्हतं.

उत्कर्षा ट्रे पुसत होती. "कागद आणलायस ना?"

"पर्समध्ये आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे गं. वाचायचं आणि बसायचं. ते खोटं आहे हे तुला माहितीय, मला माहितीय, देवाला माहितीय. मग प्रॉब्लेम काय?"

"आणि पत्र मिळालं नाही तर?"

"तर राजवर्धनची मम्मी नाही म्हणेल. तो नाही म्हणणार, पण तो मम्मीला सोडून काही करणारही नाही." ट्रे पुसून झाला तरी ती पुसतच राहिली. "मे महिन्याचा लग्नाचा हॉल बुक झालाय आई. नगरच्या पास्टरांना आपल्या मंडळीचं पत्र लागतं. बास, एवढंच."

स्मिताने पुढचा कप भरला. रस आठाच्या रेघेवर येऊन थांबला.

गोष्ट खरं तर एका साक्षीपासून सुरू झाली होती. विमलबाई खाडीकाठच्या गावातल्या, साठीच्या. शेती गेली, मिठागर गेलं, नवरा गेला. मग सुनेबरोबर त्या प्रार्थनेला येऊ लागल्या आणि ख्रिस्ती विश्वासात आल्या. जुलैमध्ये त्यांनी माइक हातात घेऊन साक्ष दिली होती, की प्रभूने माझी साखर काढून टाकली, मी गोळ्या खाडीत टाकल्या. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. स्मितानेही वाजवल्या होत्या.

ऑगस्टमध्ये विमलबाईंची सून त्यांना विम्याच्या तपासणीसाठी सीवूड्सच्या लॅबमध्ये घेऊन आली. स्मिता तिथे टेक्निशियन. उपाशीपोटी साखर दोनशे शहाऐंशी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा अकरा पूर्णांक आठ, जिथे साडेसहाच्या वर मधुमेह. तिने नमुना पुन्हा लावला, मशीन पुन्हा तपासलं, आणि मग विमलबाईंना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करू नका. मी तुमच्या पाया पडते."

विमलबाईंच्या पोटात काही राहत नसे. बायकांच्या मंगळवारच्या प्रार्थनेत त्यांनी भाबडेपणाने ते सांगून टाकलं.

त्यानंतर कुणी स्मितावर आवाज चढवला नाही. पास्टर दिपेशनी तिला बोलावून शांतपणे समजावलं, की साक्षीवर शंका म्हणजे ज्याने बरं केलं त्याच्यावर शंका. तिला बायकांच्या ग्रुपमधून काढलं गेलं. दाराजवळची शेवटची खुर्ची तिची झाली आणि तिच्या शेजारची रिकामी राहू लागली. बोलणं सगळं प्रार्थनेतून व्हायचं. डोळे मिटून, हात वर करून कुणीतरी म्हणे, "प्रभू, आमच्यातल्या एका भगिनीच्या शिक्षणाचा गर्व तू मोड." नाव कधीच घेतलं जात नसे. एकदा पास्टरांची बायको सोनल अशीच डोळे मिटून म्हणाली होती, "प्रभू, तू तिच्या घरात एकदा इशारा दिलास, तरी तिचं हृदय मऊ झालं नाही." घरातला इशारा म्हणजे शांतवनचा मृत्यू. सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. कीबोर्डवर बसलेल्या उत्कर्षाच्या तोंडूनही ते सवयीने निघून गेलं, आणि त्या संध्याकाळी ती जेवली नव्हती.

तरी स्मिता येत राहिली. त्याचंही कारण होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत शांतवन गेला तेव्हा सख्खे भाऊ नगरहून निघाले नव्हते. सोसायटीने जिन्याचं दार लावून घेतलं होतं. पास्टर दिपेश एकटे आले, प्लास्टिकचा पोशाख चढवून, घामाने चिंब होऊन त्यांनी खांदा दिला, खड्ड्यात स्वतः माती लोटली. हे काही ती विसरू शकत नव्हती, आणि तेही तिला विसरू देत नव्हते.

"झाले ताई?" सोनल आत आली. कांजीवरम साडी, हातात फोन. "वा, किती नीट. तुमचं काम म्हणजे एकदम परफेक्ट." तिने कप न मोजता नुसती नजर फिरवली. "मी पाठवलेलं तसंच लिहिलंय ना? मधे काही बदललं नाहीत ना?"

"तसंच आहे."

"टेन्शन घेऊ नका. प्रेमानेच करतोय आम्ही सगळं. आज माफी झाली की लगेच पास्टर पत्रावर सही करतील, मी प्रिंट काढूनच आणलंय. आणि पुढच्या महिन्यात तुम्हीपण घ्याल कप." ती स्मिताच्या खांद्याला हात लावून हसली. "बघा, प्रभू किती चांगला आहे."

उत्कर्षा ट्रे घेऊन तिच्यामागून बाहेर गेली. जाताना तिने आईकडे पाहिलं. लहानपणी इंजेक्शनच्या आधी बघायची, तशी.

स्मिता भांडं धुवत होती तेव्हा विमलबाई आल्या. पायात जाड मोजा, तोही एकाच. त्यांनी दार ओढून घेतलं.

"स्मिताबाय, जरा बगतेस का गं? कोनाला बोलू नको."

त्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या. स्मिताने खाली बसून मोजा उतरवला. अंगठ्याशेजारचं बोट टोकाला काळं पडलं होतं. काळ्याच्या कडेने पिवळट ओल होती आणि तिथून घोट्यापर्यंत लाली चढली होती. हाताच्या पाठीने तिने कातडी चाचपली. दुसऱ्या पायापेक्षा ही स्पष्ट गरम होती. वास तर मोजा उतरवायच्या आधीच आला होता.

"दुखतं का?"

"दुखत नाय, त्येच तं. म्हनून मना वाटला, बरा होतंय."

"दाबते हं. इथे?"

"नाय."

"इथे?"

"हात लावलास काय?" विमलबाईंनी विचारलं.

स्मिताने हात काढला नाही. "कधीपासून आहे?"

"पंधरा दिस झालं. सोनलबायनं तेल दिलान प्रार्थनेचा, तो लावते."

"विमलबाई, आज हॉस्पिटलात जायला हवं. उद्या नाही, आज. बोट गेलं तर गेलं, पण पाय वाचेल."

विमलबाई आपल्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशा बघत राहिल्या. "कशी जाव? मी साक्ष दिलीय. माइकवर बोललीय, मोबाइलमदी हाय ती, गावात फिरली. आता दवाखान्यात गेली तं गाव हसंल, बोलतील हिचा देव खोटा. माजी सूनपन बोलतंय, आय, थोडा धीर धर."

"देव खोटा होत नाही त्याने."

"तू शिकलेली. तुना कळतंय." त्यांनी स्मिताचं मनगट धरलं. "तू आज वाचनार हायेस ना ता कागद? वाच. मोठ्यानं वाच. तूच बोललीस ना, की साखर हाय म्हनून? तवापासून माज्या मनात किडा हाय. तू बोललीस की मी बरी हाय, तं मना धीर येल. मंग बोटपन बरा होल."

बाहेर कीबोर्डचे सूर सुरू झाले. स्मिताने मोजा पुन्हा चढवला, बोटाला धक्का लागू न देता. मग तिने साबण लावून हात धुतले, लॅबमध्ये धुते तसे, कोपरापर्यंत.

उपासना नेहमीसारखी झाली. गाणी झाली, वचन झालं. विमानतळ सुरू झाल्यापासून विमान डोक्यावरून गेलं की पास्टर दिपेश बोट वर करून थांबत, आवाज विरला की तोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करत. आज दोनदा थांबले. मग ट्रे फिरला. रांगेमागून रांग करत तो शेवटपर्यंत आला, स्मिताच्या अलीकडच्या माणसाने आपला कप उचलला आणि ट्रे वळून परत गेला. एकही कप उरला नव्हता. तिचा हिशेब चुकत नसे.

चौथ्या रांगेत विमलबाईंनी कप दोन्ही हातांनी तोंडाला लावला. डावा पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतला होता.

स्मिताने पर्समधून कागद काढला. तिच्याच अक्षरात होतं. 'लॅबच्या ज्ञानाच्या गर्वाने मी विमलबाईंविषयी खोटं बोलले. प्रभूने त्यांना पूर्ण बरं केलं आहे. त्यांच्या शरीरात कोणताही आजार नाही.' पहिलं वाक्य ती आठ दिवस घरी म्हणून बघत होती आणि ते तिला जमू लागलं होतं. गर्व म्हटला तर असेलही. शेवटचं वाक्य काल बोलता आलं असतं. आज तिच्या हाताला अजून त्या कातडीची ऊब लागत होती.

"आज आपल्यासाठी आनंदाचा दिवस आहे," पास्टर माइकवर म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटं काही नव्हतं. ते खरंच खूश होते. "आपली एक भगिनी परत येतेय. स्मिताताई, या पुढे."

माना वळल्या. सोनलने पहिल्या रांगेतून फोन उभा धरला. कीबोर्डवर उत्कर्षाने एक मऊ सूर दाबून धरला. कुणी पुढे येताना ती नेहमी धरायची तसा.

स्मिता उठली. शेवटच्या खुर्चीपासून माइकपर्यंत बारा रांगा होत्या. ती आठ रांगा चालली आणि चौथ्या रांगेशी थांबली.

"विमलबाई," ती म्हणाली. आवाज माइकशिवाय होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला दवाखान्यात जायचंय. एकटीला धीर होत नाही. सोबत येता का?"

विमलबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पुढे, मग शेजारी बसलेल्या सुनेकडे. सुनेने मान खाली घातली आणि गुडघे बाजूला घेऊन वाट करून दिली. तिलाही वास येतच असणार.

"आता?" विमलबाईंनी विचारलं.

"आता."

"तुना काय होतंय?"

"सांगते रिक्षात."

विमलबाई पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या. "एकटी कशी जाल बिचारी," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, आणि स्मिताचा दंड धरून हळूहळू दाराकडे चालू लागल्या. पाऊल टाकताना त्या टाचेवर भार घेत होत्या.

"ताई?" पास्टरांचा आवाज स्पीकरमधून आला. "काय झालं? आधी माफीचं वाचून घ्या. दोनच मिनिटं. मग जा हवं तर, आम्ही गाडी देतो."

दारापाशी स्मिता उकिडवी बसली. तपकिरी डावी चप्पल तिने ओढून घेतली, शेवटच्या भोकातूनही पट्टा सोडवला, पूर्ण मोकळा केला आणि विमलबाईंचं पाऊल उचलून आत ठेवलं. वरून विमान गेलं. पास्टरांनी सवयीने बोट वर केलं आणि सगळे थांबले. ते जाईपर्यंत तिने उजवी चप्पल तिसऱ्या भोकात नीट लावली. मग गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली.

कीबोर्डचा सूर थांबला होता. उत्कर्षाचे हात मांडीवर होते आणि ती आईकडे बघत होती.

स्मिताने कागदाची घडी केली. 

"मी माफी मागणार नाही, पास्टर," ती म्हणाली. "पत्र राहू द्या."