दुसऱ्या पाळीची मुकादम

आमच्या कोकताश गावचा पंपांचा कारखाना बंद पडला तेव्हा कादिरकुल तिथल्या ओतशाळेचा उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर होता. कारखाना गेला. ओतशाळेची भट्टी आम्हीच तोडून भंगारात विकली, विकणाऱ्यांत कादिरकुलही होता. पण उस्तापण काही त्यानं विकलं नाही. पुढची कितीतरी वर्षं तो चहाखान्यात बसून वितळलेल्या लोखंडाचा कस रंगावरून कसा ओळखायचा ते ऐकवत राहिला. ऐकणारेही त्याच्याइतकेच रिकामे, त्यामुळे श्रोत्यांची कधी वानवा पडली नाही.

ज्यांच्या अंगात धमक होती ते मॉस्कोला गेले. कादिरकुलचा एकुलता एक मुलगा एलामानही गेला. मागे राहिली त्याची बायको जिपारा आणि पाळण्यातली मुलगी. बघता बघता मुलगी चालायला, बोलायला लागली, पण तिच्या लेखी बाप म्हणजे फोनमध्ये राहणारा एक माणूस होता. फोन बंद झाला की ती तो उलटा करून मागच्या बाजूला बाप सापडतो का ते बघायची. कादिरकुलची बायको आधीच वारलेली, त्यामुळे हे बघायला घरात तो एकटाच असायचा, आणि त्याला ते बघवत नसे.

मग बुरुल आली. बिश्केकच्या बाजारात कपडे शिवून आणि विकून हातात चार पैसे जमवलेली ही आमच्याच गावची बाई. तिनं कारखान्याच्या पडक्या हॉलचा एक कोपरा भाड्यानं घेतला आणि शिलाई मशीनं मांडली. पहिल्यांदा गावानं खदाखदा हसून घेतलं. पण कोपऱ्याचा अर्धा हॉल झाला, फुटक्या खिडक्यांना काचा लागल्या, इथले बायकांचे कोट रशियात विकले जाऊ लागले, आणि हसणारे हळूहळू गप्प झाले. दिवसातून एकदा येणारी मिनीबस उठसूट यायला लागली. बंद घरांच्या खिडक्यांवर पडदे दिसायला लागले. नानच्या भट्टीवर संध्याकाळीसुद्धा रांग लागायची, आणि रांगेत हमखास बाया, कारण पैसा आता त्यांच्याच खिशात होता.

पुरुषांनी मात्र सुई हातात धरायची म्हणजे जन्मभराचं नाक कापून घ्यायचं, असा चहाखान्याचा ठराव होता. म्हणून बुरुलला माणसं कमी पडायला लागली आणि तिथं आधीच काम करणाऱ्या जिपाराच्या शब्दावर कादिरकुल कामाला लागला, तेव्हा त्यानं गावभर सांगून ठेवलं की मशीनं बिघडली तर बघायला म्हणून बुरुलनं आपल्याला मिनतवारी करून नेलंय. प्रत्यक्षात तो खिडकीजवळच्या मशीनवर बसून बायकांच्या कोटांना अस्तर लावायचा. हात चांगला बसला होता त्याचा. पण ही गोष्ट कुणी बोलून दाखवली असती तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता.

जिपारा त्याच रांगेची प्रमुख होती. आता, आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचंच काय, सासरकडच्या कुठल्याही वडीलधाऱ्याचं घेत नाही. कितीही शिकलेली असो, जीभच वळत नाही. रोज सकाळी जिपारा एकेकीचं नाव घेऊन काम वाटायची, आणि खिडकीपाशी आली की नुसता कोटांचा गठ्ठा हलकेच ठेवून, मान लववून पुढे जायची. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. कादिरकुलला मात्र ते मनातून बरं वाटायचं. मशीनवर बसलो तरी आपण कोण आहोत हे निदान एकीला कळतं, असं त्याला वाटायचं.

त्या शरदात कझानची एक व्यापारीण यायची होती. तिला माल पसंत पडला तर दुसरी पाळी सुरू होणार होती, म्हणजे गावात आणखी कितीतरी जणांच्या हाताला काम. दुसऱ्या पाळीची मुकादम जिपारा होणार हे बुरुलनं जवळजवळ कबूल केलं होतं. मुकादमाचा पगार धरला तर एलामानला परक्या मुलखात कुणाच्या इमारतींवर विटा वाहायची गरज उरत नव्हती. तो परत येणार होता. जिपारानं त्याच्या जाड अंथरुणाला ऊन द्यायलाही सुरुवात केली होती.

व्यापारीण दुपारी येणार, त्या दिवशी सकाळीच हॉलच्या दारात माम्बेत उगवला. माम्बेत म्हणजे कादिरकुलचा चुलतभाऊ आणि चहाखान्यातला पहिल्या नंबरचा टवाळ. बरोबर आणखी दोघं होते. दुसऱ्या पाळीत काही हलकंफुलकं, म्हणजे पुरुषाला शोभेलसं काम आहे का याचा वास काढायला ते आले होते.

कादिरकुलच्या मांडीवर त्या वेळी केसाळ कॉलरचा, डाळिंबी रंगाचा बायकी कोट होता. माम्बेतनं हे पाहिलं असतं तर हिवाळाभर चहाखान्याला दुसरा विषय लागला नसता. कादिरकुलनं कोट झटक्यात खाली ढकलला, पाना आणि स्क्रूड्रायव्हर उचलला, चांगल्या चालत्या मशीनचं झाकण उघडलं, दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू उगाच इकडून तिकडे फिरवला आणि कपाळाला आठ्या घालून मान हलवली. माम्बेत जवळ आला तेव्हा उस्ता त्याला म्हणाला की हा चिनी माल, मी नसतो तर एक दिवस चालला नसता. माम्बेत अगदी प्रभावित झाला. दोन रांगा पलीकडे जिपारा उभी होती. ती एकदा इकडे बघून पुन्हा कामाला लागली.

ते गेले. कादिरकुलनं घाईघाईनं झाकण बसवलं आणि गेलेला वेळ भरून काढायला शिवायला बसला. चिंधीवर चार टाके घालून मशीन तपासायचं असतं. ओतशाळेत कुणा शिकाऊ पोरानं असला हलगर्जीपणा केला असता तर यानंच त्याचा कान पिळला असता. पण त्या घडीला त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आपली अब्रू वाचली.

दुपारी व्यापारिणीनं टेबलावरचा एक कोट उचलला, आत हात घातला, दोन्ही अंगठ्यांनी अस्तराची शिवण ताणली, आणि काखेपासून ते अस्तर टराटरा उसवत गेलं. तिनं दुसरा कोट घेतला. तोही तसाच. तिसराही. हॉलमधली सगळी मशीनं एकेक करून थांबली.

बुरुलनं जिपाराला विचारलं, “हे कुणाचं मशीन?”

कादिरकुल खिडकीपाशी उभा होता. ‘माझं’ एवढाच शब्द म्हणायचा होता. तो ओठांपर्यंत आलासुद्धा. पण परकी बाई, सगळ्या पोरी, गावभर होणारी चर्चा, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि शब्द तिथेच अडकला. जिपारानं खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझी चूक आहे,” ती म्हणाली. “तपासायचं काम माझं होतं.”

व्यापारीण बाई समजूतदार निघाली. बाकीचा माल तिला आवडला होता, खराब कोट नव्यानं शिवून द्यायचे या अटीवर तिनं दुसऱ्या पाळीचं काम दिलं. जाताना एवढंच म्हणाली की वर बसवाल तो माणूस जरा कडक बसवा. बुरुलनं सगळ्यांसमोर सांगितलं की दुसऱ्या पाळीसाठी मी दुसरी कुणी बघते. जिपारानं मान हलवली आणि उसवलेले कोट गोळा करायला लागली. कादिरकुल तिला मदत करायलाही गेला नाही, कारण गेला असता तर ते कबूल केल्यासारखं दिसलं असतं.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखा चहा आणून त्याच्यापुढे ठेवला, पेला दोन्ही हातांनी धरून. मग पलीकडच्या खोलीत जाऊन ती एलामानशी फोनवर बोलली. भिंत पातळ होती.

“थोडे दिवस अजून तिथंच काढा,” ती सांगत होती. “नाही हो, कुणी काही केलं नाही. माझंच लक्ष नव्हतं.”

नवऱ्यालाही तिनं खरं सांगितलं नाही. कादिरकुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तापलेल्या भट्टीसमोर उभं राहून त्याची कधी छाती दडपली नव्हती, आणि आज दोन खोल्यांच्या घरात, आपल्याच सुनेच्या चांगुलपणानं त्याला धड श्वास घेता येईना. नात मांडीवर येऊन बसली तर त्यानं तिला खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी पोरी यायच्या आधी तो बुरुलकडे गेला आणि खालच्या मानेनं म्हणाला की ते कोट माझ्या हातचे, सुनेचा काही दोष नाही.

“ठाऊक आहे मला,” बुरुल म्हणाली. “खिडकीपाशी अस्तर दुसरं कोण लावतं, उस्ता? तिला तरी ठाऊक नव्हतं का?”

“मग तिला मुकादम कर. शिक्षा मला दे.”

“शिक्षा म्हणून नाही डावललं तिला. सून म्हणून ती सोन्यासारखी आहे. पण दुसऱ्या पाळीला बाया पुरायच्या नाहीत, पुरुष घ्यावे लागणार. निम्मा गाव तिचा चुलत सासरा, मामेसासरा, नाहीतर मोठा दीर. प्रत्येकानं घाण करायची आणि हिनं ‘माझी चूक’ म्हणायचं? मला नाव घेणारी बाई हवी आहे.”

“घेईल ती नाव.”

“तिला विचारलंत?”

“मी सांगितलं की ऐकेल.”

बुरुल म्हणाली की बघू या.

कामं वाटायची वेळ झाली. जिपारा गठ्ठे घेऊन एकेकीचं नाव घेत निघाली. खिडकीपाशी आली, उसवलेल्या कोटांचा गठ्ठा हलकेच ठेवून मान लववणार, तोच कादिरकुल उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“बाळा, हे कोट मी बिघडवले. माझं नाव घे आणि चूक कुणाची ते चारचौघांत सांग.”

तिचा चेहरा पांढरा पडला. “अताके,” ती सासऱ्याला नेहमी म्हणायची तसंच म्हणाली, “घरी बोलू या.”

“घरी नाही, इथं. माझा हुकूम समज.”

दारात बुरुल येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे माम्बेत होता, कामाचं विचारायला आलेला, डोक्यावरचा कलपाक काढून हातात धरलेला. कादिरकुलनं त्याला पाहिलं, आणि आज पळून जायचं नाही असं ठरवलं. आपण सुनेसाठी केवढा मोठा त्याग करतोय असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वाटण्यात थोडा मोठेपणाही होता.

जिपाराचे ओठ दोनदा उघडून मिटले. डोळे भरून आले. मग तिनं मान वर केली.

“कादिरकुल,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याला ते दुसऱ्याच कुणाचं नाव वाटलं.

“हे सगळे कोट उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. आधी चिंधीवर टाके तपासायचे.” ती थांबली. एवढ्यावर भागलं असतं, त्यानं तेवढंच मागितलं होतं. पण ती पुढे बोलली, आवाज कापत होता तरी बोलली. “आणि मशीन बिघडल्याचं सोंग पुन्हा करायचं नाही. मी बघत होते काल. जे काम करताना तुम्हाला लाज वाटली, तेच मी रोज करते. त्याच्यावरच आपलं घर चालतं. माझ्या कामाची एवढी लाज वाटत असेल तर इथं बसू नका.”

कुणी हसलं नाही. कादिरकुलनं पोरींकडे बघितलं. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक डाळिंबी कोट होता. माम्बेतपासून आपण काय लपवलं होतं ते त्याला आत्ता कळलं. कोट नव्हता लपवला त्यानं. ह्या सगळ्या जणींना लपवलं होतं, आणि त्यांच्यात स्वतःच्या सुनेला. कानापर्यंत रक्त चढलं. तो खाली बसला, वरचा कोट मांडीवर ओढला आणि उसवायला लागला.

बुरुलनं माम्बेतला पुढे ढकललं आणि जिपाराला विचारलं, “दुसऱ्या पाळीचा हा पहिला माणूस. कुठं बसवतेस?”

माम्बेत तिचा चुलत सासरा. तिनं ओढणी सावरली नाही, मान लववली नाही. “माम्बेत,” ती म्हणाली, “तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. अस्तर कसं लावायचं ते दाखवतील.”

ह्या वेळी तिचा आवाज कापला नाही. माम्बेत मुकाट्यानं येऊन शेजारच्या खुर्चीवर बसला आणि वाट बघत राहिला. कादिरकुलला त्याला दाखवायचं होतं, पण बराच वेळ त्याला मान वर करता आली नाही.