दोन्ही हात मोकळे

बनाबाईनं तोंड भिंतीकडं केलं ते केलंच. कालपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

भोरच्या वेशीबाहेर निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम होता. हिर्डोशीच्या वरल्या धनगरवाड्यातल्या बनाबाईचा पाय मोडला, तेव्हा तिचा म्हातारा रखमाजी तिला इथं ठेवून मेंढरांमागं कोकणात उतरला. माघारी येताना नेतो, म्हणाला होता.

"मरायचंच म्हणते तर मरू दे," थोरली सेविका चंद्राबाई पेजेची वाटी आपटत म्हणाली. "नाहीतर नाक दाबून पाजते."

"थांबा जरा, बाई." लेकराला झोळीत टाकून धाकटी सेविका सगुणा नुकतीच आली होती. म्हातारीचं तोंड पुसताना तिला दिसलं, कपाळ कोरं होतं. कुंकू घासून घासून पुसलेलं, कातडी लाल झालेली. तिची नजर म्हातारीच्या मोकळ्या हातांवर गेली.

परवा म्हातारी तापाच्या गुंगीत असताना तिचा उजवा हात सुजला होता, बांगड्या रुतत होत्या. डॉक्टरांनी काढायला सांगितल्या. चंद्राबाईनं काढल्या, दोन्ही हातांच्या.

"आज्जे, रखमाजीबाबास्नी काय झालं न्हाई गं," सगुणा म्हणाली.

"मी गुंगीत असताना हात मोकळं केलं," बनाबाई भिंतीलाच म्हणाली. "आन आता पेज पाजताय. आमच्यातबी असंच करत्यात. आदी जेवू घालायचं, मग मानूस गेल्याचं सांगायचं."

"हात सुजला व्हता, म्हणून काढल्या."

म्हातारीनं काटकीसारखा डावा हात वर केला. "ह्यो कुठं सुजलाय?"

सगुणा चंद्राबाईकडं वळली. म्हातारीचा श्वास वरवर चालला होता.

"तुमीच सांगा, बाई. माझं तिला खरं वाटायचं न्हाई."

चंद्राबाईनं आपले हात पदराआड घेतले. तेही कधीचेच मोकळे होते.

"अंग पुसायला अडचण होते," ती खाली बघत म्हणाली. "एक हात मोकळा करायचाच होता, दुसराही उरकून टाकला."

"येवढंच?" सगुणानं विचारलं.

"एवढंच. डोक्यातच आलं नाही."

बनाबाई वळली. तिनं चंद्राबाईचं तोंड निरखलं.

"असलं खोटं कुनी रचत न्हाई. लई आळशी हैस तू."

"आहे."

सगुणानं आपल्या हातातली एक हिरवी बांगडी उतरवून त्या डाव्या मनगटात सरकवली. चंद्राबाईनं कुंकवाचा करंडा आणला, सगुणाच्या हातात दिला आणि स्वतः मागं सरली. मग गार झालेली पेज तापवायला वाटी उचलली.

"तशीच आन," म्हातारी म्हणाली. "मला दम न्हाई."